दादाचं भात आणि अमेरिकेतला बायसन

भाद्रपदातली गोष्ट. पहाटे पाचला फोन वाजला. अवेळी फोन आला की आधी काळजात धस्स होतं. दादाचा होता.

"घाबरू नको, सगळे बरे आहेत," तो आधीच म्हणाला. "रात्री गवे आले होते. खालच्या शेतातलं भात गेलं. पोटरीला आलं होतं गं."

आमचं माहेरचं गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पलीकडे. दादाची जमीन थोडकी आणि तीही तुकड्यातुकड्यांत. त्यातला खालचा तुकडा चौदा गुंठ्यांचा, जंगलाला लागून. वर्षाचं खायचं भात तिथंच पिकतं. सहा-सात गवे त्यात तासभर फिरले, की खाल्लेल्यापेक्षा तुडवलेलंच जास्त होतं.

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तसा तो उसळला. "तूच सांगत होतीस ना दिवाळीत, अमेरिकेत सगळे गवे मारून टाकले म्हणून? शहाणी माणसं! इथंही तेच करायला पाहिजे."

फोन ठेवला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मी कॉलेजात इतिहास शिकवते. अमेरिकेचा इतिहास आला की बायसनच्या कत्तलीवर एक तास जातो. मुलं आकडे ऐकून "अब्बा!" म्हणतात आणि घंटा होते. दिवाळीत घरी जेवताना मी तेच सांगितलं असणार. पण ती गोष्ट तिथं संपत नाही. पुढची दादाला कधी सांगितलीच नव्हती. खरं तर मलाही ती नीट ठाऊक नव्हती. मग पुस्तकं काढून बसले. हा लेख त्या अभ्यासातून आला आहे, आणि मुळात तो दादासाठी आहे.

आधी नावाचा घोळ निस्तरू. आपला गवा म्हणजे बायसन नव्हे. साहेबाने त्याला 'इंडियन बायसन' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. राधानगरीच्या अभयारण्याची १९५८ साली सुरुवात झाली तीही 'दाजीपूर बायसन अभयारण्य' म्हणून. माझ्या सासूबाई धारवाडकडच्या. त्या गव्याला 'काडुकोण' म्हणतात, रानातला रेडा. गंमत अशी, की तिकडे अमेरिकेत गोऱ्यांनीही बायसनला 'बफेलो' म्हणजे म्हैसच म्हटलं, आणि तोही म्हैस नव्हे! गवा हा दाट रानात राहणारा, चकचकीत काळा, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा. बायसन उघड्या गवताळ माळावरचा, दाढीवाला, पुढच्या अंगावर घोंगडी पांघरल्यासारखी लोकर असलेला. बर्फ पडलं की मुंडी फावड्यासारखी हलवून तो खालचं गवत उकरून खातो. दोघे एकाच गोकुळातले, पण घरं वेगळी.

गोरे लोक येण्याआधी उत्तर अमेरिकेत बायसन किती होते, याचे अंदाज तीन कोटींपासून सहा कोटींपर्यंत जातात. अलीकडचे अभ्यासक तीन कोटींच्या आसपास थांबतात. माळावरच्या मूळ रहिवाशांचं सगळं आयुष्य या जनावरावर उभं होतं. मांस खायला, कातडं तंबूला आणि पांघरायला, हाडं हत्यारांना. आपल्याकडे नारळाच्या झाडाचं काही वाया जात नाही म्हणतात, तसंच.

मग १८६९ मध्ये पूर्व-पश्चिम रेल्वे पूर्ण झाली आणि कळपांचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग पडले. १८७१ च्या सुमाराला बायसनचं कातडं कारखान्यात कमावून टिकाऊ चामडं करण्याची रीत सापडली. त्या चामड्याचे पट्टे गिरण्यांची यंत्रं फिरवायला लागत. झालं! रेल्वेने बंदूकवाले आले, कातडी सोलून नेली आणि मांस माळावर कुजत टाकलं. दुष्काळ, गुरांचे रोग, घोडे आल्यावर मूळ रहिवाशांचीही वाढलेली शिकार ही कारणं आधीपासून होतीच. पण शेवटचा घाव बाजाराचा. लष्करातल्या अनेक अधिकाऱ्यांना हे हवंच होतं, कारण बायसन संपला की उपाशी माणसं आपोआप राखीव वस्तीत येऊन बसतील. १८७४ साली बायसन वाचवण्याचा कायदा अमेरिकेच्या संसदेने मंजूर केला होता. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर सहीच केली नाही. सत्तरचं दशक सरता सरता दक्षिणेचा कळप संपला आणि १८८३ पर्यंत उत्तरेचाही. मागे उरलेली हाडं गोळा करून खतासाठी आणि साखर स्वच्छ करण्यासाठी गाड्या भरभरून विकली गेली.

१८८९ मध्ये विल्यम हॉर्नाडे या माणसाने मोजदाद प्रसिद्ध केली. पाळलेले २५६, यलोस्टोन उद्यानात २००, संरक्षणाशिवाय मोकळे ६३५. एकूण १,०९१. त्यातलेही साडेपाचशे दूर कॅनडाच्या उत्तरेला. हाच हॉर्नाडे तीन वर्षांपूर्वी, १८८६ मध्ये, मोंटानात जाऊन संग्रहालयात पेंढा भरून ठेवण्यासाठी बायसन मारून आला होता. नंतर पाहायलाही मिळणार नाहीत, म्हणून!

माझा वर्गातला तास इथं संपतो. दादाला मी इथपर्यंतच सांगितलं होतं.

आता पुढचं. बायसन वाचला तो आधी सरकारमुळे नव्हे, चार-पाच घरांमुळे. टेक्सासमध्ये चार्ल्स गुडनाइट नावाचा मोठा गुरेवाला होता. १८७८ च्या सुमाराला त्याची बायको मेरी ॲन रात्री आया मेलेल्या वासरांचं हंबरणं ऐकत असे. तिने नवऱ्याच्या मागे लागून ती वासरं घरी आणवली आणि वाढवली. त्या वासरांचे वंशज १९९७ मध्ये टेक्सास राज्याला दान मिळाले आणि आज ते कॅप्रॉक कॅन्यन्सच्या राज्य उद्यानात चरतात. मोंटानात वॉकिंग कायोटी नावाच्या मूळ रहिवाशाने काही वासरं डोंगर ओलांडून आणली होती. १८८४ मध्ये ती मायकेल पाब्लो आणि चार्ल्स ॲलर्ड या दोघांनी विकत घेऊन वाढवली. या दोघांच्याही आया मूळ रहिवासी जमातींतल्या. साउथ डकोटातही असाच एक कळप एका कुटुंबाने जपला, पुढे तो स्कॉटी फिलिप नावाच्या गुरेवाल्याकडे गेला. आज माळावरचे जे लाखो बायसन आहेत, ते सगळे अशा शंभराच्या आसपास जनावरांची पोरं-नातवंडं.

एखादं बी कुणाच्या तरी घरी मडक्यात राखेत राहून जातं आणि म्हणून पुढे पेरायला मिळतं, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगायला नको.

सरकार जागं झालं ते नंतर. यलोस्टोनमध्ये १९०२ साली जेमतेम दोन डझन रानटी बायसन उरले होते. तेव्हा पाब्लो-ॲलर्ड कळपातल्या १८ माद्या आणि गुडनाइटकडचे तीन नर, असे २१ विकत आणले. १९०५ मध्ये हॉर्नाडेने अमेरिकन बायसन सोसायटी काढली. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातून १५ बायसन रेल्वेत बसवून ओक्लाहोमाच्या विचिटा डोंगरात पाठवले. ज्या रेल्वेने घालवले, तिनेच परत आणले! ते पाहायला कोमान्ची लोक आले होते, त्यांचा म्होरक्या क्वाना पार्करही. म्हाताऱ्यांनी बायसन तरुणपणी पाहिलेले, लहान मुलांनी फक्त गोष्टीत ऐकलेले. माझ्या डोळ्यांसमोर ते स्टेशन उभं राहतं.

मग एकेका प्रदेशात वेगवेगळी कहाणी घडली. साउथ डकोटात विंड केव्ह उद्यानात १९१३ साली १४ बायसन आणले. शेजारच्या कस्टर उद्यानात १९१४ साली फिलिपच्या कळपातून ३६ आले. तिथं आज हजाराच्या वर आहेत आणि दर सप्टेंबरला घोडेस्वार त्यांना हाकत आणतात, ते बघायला जत्रा लोटते. युटात १९४१ साली १८ सोडले. त्यांनी माणसांनी दिलेली जागा नापसंत करून नदी ओलांडली आणि शेवटी हेन्री पर्वतात आपलं घर आपणच शोधलं. इलिनॉय म्हणजे मक्या-सोयाबीनचं राज्य. तिथं १८३० नंतर बायसन दिसला नव्हता, तो २०१४ मध्ये नचुसाच्या गवताळ रानात परतला. मेक्सिकोत हानोसला २००९ मध्ये २३, कॅनडात बॅन्फला २०१७ मध्ये १६. बॅन्फचे आज शंभरावर आहेत. अलास्कातून नाहीसा झालेला उत्तरेकडचा वनबायसन २०१५ मध्ये पुन्हा तिथल्या रानात सोडला गेला.

चुकाही झाल्या. कॅनडाने १९२५ ते १९२८ मध्ये एका गर्दी झालेल्या कळपातले सहा हजारांहून जास्त माळबायसन उत्तरेच्या वुड बफेलो उद्यानात नेऊन सोडले. त्यांच्याबरोबर क्षय आणि ब्रुसेलोसिस हे रोगही गेले आणि ते आजतागायत तिथून हटलेले नाहीत. चांगल्या हेतूने केलेलं कामही आधी विचार करूनच करावं लागतं.

मी स्वतः बायसन पाहिला तो २०१९ च्या मे महिन्यात. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आईला घेऊन डेन्व्हरला गेले होते. एका रविवारी मेहुण्यांनी आम्हाला गाडीत घालून डोंगराकडे नेलं. जेनेसी पार्क नावाची जागा. डेन्व्हर महापालिकेचा कळप तिथं १९१४ पासून आहे. हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुरणं आणि कळपाला ये-जा करायला रस्त्याखालून बोगदा! कुंपणापलीकडे वीस-पंचवीस जनावरं चरत होती. नुकती झालेली वासरं चक्क केशरी रंगाची. आई बराच वेळ कुंपणाला धरून उभी होती. मग म्हणाली, "गोठ्यातलीच वाटतात गं. आपल्याकडचा गवा बघितला की छाती धडधडते, तसं काही होत नाही."

तेव्हा मी हसले. आता कळतं, आईने नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं.

आज उत्तर अमेरिकेत बायसन चार ते पाच लाख आहेत. आकडा ऐकून वाटतं, झालं, जिंकलं. पण त्यातले बहुतेक खाजगी कुरणांवर मांसासाठी पाळलेले. निसर्गासाठी म्हणून राखलेल्या कळपांमधले माळबायसन सुमारे वीस हजार आणि वनबायसन दहा-अकरा हजार. त्यातही अनेक कळप कुंपणात. शिवाय सुरुवातीला गुरेवाल्यांनी गाई-बायसनचा संकर करून पाहिला, त्यामुळे गाईचा अंश बहुतेक कळपांच्या रक्तात उतरला आहे. २०१६ मध्ये बायसनला अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी हा मान मिळाला. पण मान मिळणं वेगळं आणि मोकळी वाट मिळणं वेगळं.

आणि मोकळी वाट मागितली की दादा भेटतो! म्हणजे तिथला दादा. मोंटानातला गुरेवाला. यलोस्टोनचा कळप आता अलीकडच्या वर्षांत साडेतीन ते सहा हजारांच्या दरम्यान असतो. कडक हिवाळ्यात बर्फ जास्त झालं की तो उद्यानाची हद्द ओलांडून खाली उतरतो. जनावराला हद्द कुठली कळते? बऱ्याच बायसनमध्ये ब्रुसेलोसिस आहे. त्याने गाई गाभडतात आणि एखाद्या कळपात तो सापडला की गुरेवाल्याचं कंबरडं मोडतं. म्हणून बाहेर आलेले बायसन पकडले जातात, शिकार होतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात हजाराहून जास्त असे गेले. हा रोग मुळात युरोपातून आलेल्या गुरांनीच बायसनला दिला. आणि त्या भागात गुरांना अलीकडे झालेल्या लागणीचा माग काढला, तेव्हा तो बायसनकडे नव्हे, एल्क जातीच्या हरणांकडे गेला. तरी गुरेवाल्याची भीती खोटी नाही. ज्याच्या दावणीला जनावर आहे, त्यालाच ती कळते.

यातून त्यांनी एक वाट काढली. पकडलेले बायसन मारण्याऐवजी वेगळे ठेवायचे, वर्षानुवर्षं रक्त तपासायचं आणि रोग नाही अशी खात्री पटली की मूळ रहिवाशांच्या जमातींना द्यायचे. १९९२ पासून या जमातींची स्वतःची बफेलो परिषद आहे. २०१२ मध्ये असा पहिला कळप मोंटानाच्या फोर्ट पेक वस्तीवर पोचला. २०१६ मध्ये कॅनडाच्या एल्क आयलंडहून ८७ वासरं ब्लॅकफीट जमातीकडे आली. ही वासरं कुणाची? पाब्लोने १९०७ पासून आपला कळप कॅनडाला विकला होता, त्याची. त्यांचे पूर्वज ब्लॅकफीटांच्या भूमीवरूनच गेले होते. शंभराहून जास्त वर्षांनी ती माहेरी आली म्हणायची. डेन्व्हरही २०२१ पासून आपल्या कळपातले जास्तीचे बायसन लिलावात न काढता जमातींना देतं. आम्ही पाहिलेल्या केशरी वासरांपैकी एखादं तिकडे गेलं असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली आहे.

कॅन्ससच्या कोन्झा माळावर तीसएक वर्षं निरीक्षण केलं, तेव्हा बायसन चरतात तिथं गवत-फुलांच्या स्थानिक जाती जवळजवळ दुप्पट झाल्याचं दिसलं. म्हणजे हे जनावर नुसतं खात नाही, रानाची मशागतही करतं.

दिवाळीला माहेरी गेले. फराळ झाल्यावर ओसरीवर बसून दादाला हे सगळं सांगितलं. वहिनी सुपात तांदूळ निवडत ऐकत होती. मी थांबले तसा दादा म्हणाला, "चांगलं आहे सगळं. पण तिकडे माळ आहेत मैलोनमैल. माझ्याकडे चौदा गुंठे आहेत."

यावर मला बोलता आलं नाही. त्याचं बरोबर होतं. भरपाईचे कागद त्याने दिले होते, हेलपाटे चालू होते. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तो सगळ्यांचा आहे. मग त्याच्या खाण्याचा खर्च एकट्या दादाने का सोसायचा? गवा किती हवेत हे विचारण्याआधी, कुणाच्या ताटातलं काढून, हे विचारायला हवं. शहरात राहून 'वाचवा वाचवा' म्हणणाऱ्यांत मीही येतेच. अमेरिकेच्या गोष्टीतून मला एवढं तरी कळलं, की जिथं गुरेवाल्याची आणि जमातीची गाऱ्हाणी ऐकून घेतली, तिथंच काम थोडं पुढे सरकलं. आणि दुसरं हे, की संपवायला पंधरा वर्षं पुरली, परत आणायला सव्वाशे वर्षं लागली आणि तरी पुरतं परत आलेलं नाही.

रात्री झोपताना वहिनीने हळूच सांगितलं, "तुमचे दादा बोलतात तेवढंच हो वन्सं. त्या रात्री फटाके लावले, गवे पळाले. एक वासरू बांधाच्या अलीकडे राहिलं. ते नुसतं उभं, ओरडत. ह्यांनी बॅटरी विझवली आणि मला म्हणाले, गप बस, आवाज करू नको. आई परत येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत आम्ही दोघं तिथंच अंधारात बसलो. तेवढ्यात तिने आणखी दोन वाफे तुडवले ते तुडवलेच."

पहाटेच्या फोनवर दादाने हे सांगितलं नव्हतं. मीही त्याला विचारलं नाही. पुढच्या वर्षी तो तास घेताना मात्र मी १,०९१ या आकड्यावर थांबणार नाही. घंटा झाली तरी मेरी ॲनची गोष्ट सांगेन, आणि जमलं तर चौदा गुंठ्यांचीही.